शाळेतला गजबजलेला आठवडा : मराठवाड्यातील अनुभव

प्राथमिक शाळेच्या वर्षात काही आठवडे असे येतात की नेहमीचे वेळापत्रक फळ्यावरच राहते आणि परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत एकामागून एक कार्यक्रम सुरू असतात. जुलैमधला शिक्षण सप्ताह, ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनापासून १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनापर्यंतची लगबग, जानेवारीत सावित्रीबाईंच्या आणि जिजाऊंच्या जयंतीपासून प्रजासत्ताक दिनापर्यंत चालणाऱ्या स्पर्धा, बाल आनंद मेळावा आणि स्नेहसंमेलन, हे त्यांतले ठळक. अशा आठवड्याने मुलांना नेमके काय दिले आणि तो कोणत्या मुलांपर्यंत पोहोचलाच नाही, हे शिक्षकांनी, पालकांनी आणि शाळेशी जोडलेल्या इतरांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती केली होती.

विनंतीमागे माझे एक मत होते, ते आधीच सांगते. मराठवाड्यात शाळेचे वर्ष शेतीच्या वर्षापासून वेगळे काढता येत नाही. जुलैत खुरपणी आणि फवारणी, सप्टेंबरअखेरीस सोयाबीनची काढणी, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या, मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात साजरी होणारी येळवस. त्यामुळे कार्यक्रम कोणता, याइतकेच तो कधी ठेवला यालाही महत्त्व आहे, आणि आलेले अनुभव वाचताना हे मला पुन्हा पुन्हा जाणवले. लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

शिक्षिका, जिंतूर तालुका, जि. परभणी

आमची शाळा पहिली ते चौथीची, दोनशिक्षकी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला चार वर्षे होत असल्याच्या निमित्ताने २०२४ मध्ये २२ ते २८ जुलै हा शिक्षण सप्ताह ठरला आणि प्रत्येक दिवसाला विषय नेमून देण्यात आला. अध्ययन-अध्यापन साहित्य, पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, क्रीडा, संस्कृती, कौशल्य व डिजिटल उपक्रम, पर्यावरण व शालेय पोषण, आणि शेवटच्या दिवशी, म्हणजे रविवारी, समाजाचा सहभाग, असा तो क्रम होता.

मला सर्वांत समाधान पहिल्या दिवसाने दिले. आम्ही साहित्य विकत आणले नाही. मुलांनी घरच्या सरपणातून तुराट्या आणल्या आणि वीतभर लांबीचे तुकडे करून दहा-दहांचे गठ्ठे सुतळीने बांधले. दुसरीतल्या एका मुलाचा गठ्ठा चांगलाच जाड झाला, कारण त्याच्या तुराट्या बुडख्याकडच्या होत्या, आणि शेजारच्या मुलीचा गठ्ठा शेंड्याच्या काड्यांचा असल्यामुळे बोटाएवढा दिसत होता. आपला दशक मोठा आहे, असे तो ठामपणे सांगत राहिला. मी काही न बोलता दोघांनाही गठ्ठे सोडायला लावले. दोन्हीकडे दहाच काड्या निघाल्यावर त्याने त्या दोनदा मोजल्या आणि मग स्वतःच दोन्ही गठ्ठे पुन्हा बांधून एकाच डब्यात ठेवले. ते गठ्ठे आजही आमच्या वर्गात वापरात आहेत.

क्रीडा दिवशी पावसाने मैदानाचा चिखल केला. आमच्याकडची काळी माती चपलेला धरली की सोडत नाही, म्हणून सगळे खेळ ओसरीत घ्यावे लागले आणि गजगे (सागरगोटे), फुगडी, लंगडी असे मुलींना येणारे खेळ पुढे आले. एरवी मैदानावर पुढे असणारी मुले त्या दिवशी मुलींकडून गजगे झेलायला शिकत होती. रविवारच्या तिथी भोजनासाठी, म्हणजे गावाकडून मुलांना दिल्या जाणाऱ्या जेवणासाठी, मात्र आम्ही वेळ बदलून घेतली. खुरपणीच्या दिवसांत मजुरीला जाणाऱ्या बाईला रविवार असला तरी सुट्टी नसते, म्हणून पंगत सकाळी लवकर बसवली, आणि एरवी पालकसभेला कधी न दिसणाऱ्या आया डोक्याला फडके बांधून, हातात खुरपे घेऊन, शेताच्या वाटेवर असतानाच आल्या.

एक सूचना कळकळीने करते. दररोजचे छायाचित्र आणि अहवाल त्याच दिवशी पाठवण्याचा आग्रह नसावा. दोघांतला एक शिक्षक मोबाइलला रेंज मिळेल अशा जागेच्या शोधात गेला की चार वर्ग एकाच शिक्षकावर येतात. सप्ताह संपल्यावर एकत्रित अहवाल मागितला तर तो अधिक खराही असेल.

शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, हदगाव तालुका, जि. नांदेड (मुलीने लिहून दिलेले)

कार्यक्रमाच्या आठवड्यात पाहुणे येतात, भाषणे लांबतात आणि जेवणाची घंटा पुढे जाते. मोठ्या मुलांचे निभावते, परंतु पहिलीतल्या लेकरांची आई दिवस उगवायच्या आत कामाला गेलेली असते आणि त्यांतली काही लेकरे घरून फक्त चहा पिऊन येतात. एका वर्षी बक्षीस वाटप चालू असताना एक लहान मुलगी उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली आणि काहीही न मागता पातेल्याकडे पाहत राहिली. मी मुख्याध्यापक सरांना आत बोलावून ते दाखवले. त्यानंतर आमच्या शाळेत पाहुणे कोणीही असोत, लहान वर्गांची पंगत ठरलेल्या वेळेलाच बसते. खेळांच्या दिवशी मी खिचडी थोडी पातळ ठेवते, कारण उन्हात पळून आलेल्या मुलांच्या घशाखाली कोरडा भात उतरत नाही.

शिक्षक, भोकरदन तालुका, जि. जालना

बाल आनंद मेळावा म्हणजे मुलांनी भरवलेला बाजार. आमच्याकडे तो जानेवारीत भरतो, कारण त्या वेळी शिवारात विकण्याजोगे भरपूर असते. मेथी, शेपू, चुका, वांगी, बोरे, हरभऱ्याचे ढाळे, घरून करून आणलेले धपाटे आणि चुरमुऱ्यांची सुशीला. जमिनीवर पोती अंथरून मुले बसतात, भाव स्वतः ठरवतात आणि गिऱ्हाईक म्हणून गाव येते.

तिसरीतला एक मुलगा वजाबाकीत सतत अडखळत असे. पन्नासातून पंधरा वजा करायला दिले की तो पाटीवर पंचेचाळीस लिही, कारण शून्यातून पाच जात नाहीत म्हणून तो उलटे पाचातून शून्य काढत असे. हातचा घेण्याची रीत मी त्याला अनेक प्रकारे समजावून पाहिली होती. बाजारात तोच मुलगा ढाळे घेऊन बसला होता. एका आजोबांनी पंधरा रुपयांच्या ढाळ्यांसाठी पन्नासाची नोट पुढे केली. त्याने ढाळे त्यांच्या हातात दिले आणि म्हणाला, ‘हे पंधराचे.’ मग पाचाचे नाणे ठेवून ‘वीस’, आणि दहाच्या नोटा एकेक करून ठेवत ‘तीस, चाळीस, पन्नास’ असे म्हणत हिशेब पूर्ण केला. परत गेलेले पैसे बरोबर पस्तीस होते.

दुसऱ्या दिवशी मी तीच रीत फळ्यावर घेतली. लहान संख्येपासून मोठ्या संख्येपर्यंत टप्प्याटप्प्याने चढत जायचे आणि चढताना जेवढे टाकले तेवढे मोजायचे. किराणा दुकानदार आणि आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या बाया सुटे पैसे अशाच परत देतात. वजाबाकीला घाबरणारी जवळजवळ सगळीच मुले या वाटेने उत्तरापर्यंत आली, आणि हातचा काय असतो हे मी त्यांना नंतर शिकवले तेव्हा पडताळा घेण्यासाठी त्यांच्याजवळ स्वतःची रीत होती.

यामुळे माझा आग्रह असतो की, मेळाव्यात पालकांनी मुलांच्या मागे उभे राहून हिशेब करू नये. काही ठिकाणी आईच पदार्थ करते, आईच विकते आणि मूल शेजारी नुसते बसून असते. मेळाव्यानंतरचा तास आम्ही राखून ठेवतो. त्यात प्रत्येकाने भांडवल किती, विक्री किती आणि उरलेल्या मालाचे काय केले, हे वहीत लिहायचे असते. घरच्या शेतातली मेथी फुकट धरायची की तिलाही किंमत लावायची, यावर चौथीच्या वर्गात झालेली चर्चा मला फार मोलाची वाटते. एका मुलीने विचारले की, आईने पहाटे उठून मेथी उपटली आणि पेंड्या बांधल्या, तर तिची मजुरी कुठल्या रकान्यात लिहायची? त्या दिवसापासून आमच्या वहीत मजुरीचा रकाना आहे.

पालक (आई), वसमत तालुका, जि. हिंगोली

स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी भाड्याचे कपडे आणावे लागत. त्या पैशांसाठी मजुरीवरच्या बायांना उसने मागावे लागे, आणि ज्यांना ते जमत नसे त्यांची मुले आपोआप ‘मला नाचायचे नाही’ असे सांगू लागत. आम्ही काही जणींनी बाईंना भेटून विनंती केली. आता शेतकऱ्यांचे गाणे असेल तर आजोबांचे धोतर आणि पागोटे, लेझीम असेल तर शाळेचाच गणवेश आणि कमरेला ओढणी, असे ठरते. आजीचे लुगडे आखूड करून माझ्या मुलीला नेसवायला गल्लीतल्या चार बाया जमल्या होत्या.

निवृत्त शिक्षक, भूम तालुका, जि. धाराशिव

देशात स्वातंत्र्याचा दिवस एक असला तरी आमच्या भागातल्या मुलांना दोन तारखा माहीत असायला हव्यात, असे मी शिकवत असताना मानत होतो आणि आजही मानतो. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही तेरा महिने मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

मुक्तिसंग्राम दिनाच्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी भाषणे पाठ करून घेतली जातात. आम्ही मुलांना प्रश्न घेऊन गावातल्या वृद्धांकडे पाठवत असू. रझाकारांच्या काळात तुम्ही कुठे होता, काय खात होता, रात्री दिवा लावत होता का, असे प्रश्न मुलांनीच तयार केलेले असत. एका आजींनी सांगितले की, त्यांच्या वडिलांनी ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, लपवून वर कडबा रचला आणि घरातल्या बायकामुलांना रात्रीतून बार्शीकडे नेले, कारण तो मुलूख निजामाच्या हद्दीबाहेर होता. हे ऐकून चौथीतल्या मुलांनी बार्शी नकाशावर शोधली. रोज एस.टी. जिथे जाते ते गाव एके काळी दुसऱ्या राज्यात होते, ही गोष्ट त्यांना कोणत्याही भाषणापेक्षा चांगली समजली. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आमच्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते, हे सांगितले की मुलांना फार नवल वाटे.

१९४८ साली दहा वर्षांचे असलेले माणूस आज पंचाऐंशीच्या पुढे गेले आहे. ज्या शाळांनी हे काम अजून केलेले नाही, त्यांनी ते येत्या सप्टेंबरातच करावे. मुलांनी लिहून आणलेले कागद फेकू नयेत. आमच्या शाळेत ते कापडी बांधणीच्या वह्यांमध्ये चिकटवून ठेवलेले आहेत.

शिक्षक, तुळजापूर तालुका, जि. धाराशिव

खो-खोला दोन खांब आणि मोकळे मैदान पुरते, म्हणून लहान शाळेला तो परवडतो. आमच्या जिल्ह्यातल्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून मुलींच्या घरून विरोध कमी झाला आहे. तरीही संघाला मैदानात लागतात तेवढ्या नऊ मुली आमच्या पटावर नाहीत. शेजारच्या वस्तीशाळेच्या मुलींसह एक संघ उतरवण्याची परवानगी केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, मिळते तेव्हाच त्या खेळतात, अन्यथा बघ्यांमध्ये बसतात.

शिक्षिका, औसा तालुका, जि. लातूर

मी दुसऱ्या भागातून येथे नोकरीला आले. संमेलनाच्या सरावाचा आठवडा आणि येळवस एकत्र आले तेव्हा सराव चालू ठेवण्याचा माझा विचार होता, परंतु मुख्याध्यापिका म्हणाल्या की, त्या दिवशी गावात कोणी नसेल. खरोखरच सगळे गाव शिवारात होते. मुलांनी मला शेतातल्या कडब्याच्या कोपीत नेऊन बसवले, आंबील दिली, आणि भज्जीत काय काय घातले आहे ते ओळखायला लावले. पुढच्या परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांनी भज्जीतल्या शेंगांची आणि पालेभाज्यांची यादी केली, ती फळ्यावर मावली नाही.

पालक (वडील), शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, धारूर तालुका, जि. बीड

आम्ही नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. दिवाळी झाली की मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी निघते आणि आम्ही गुढीपाडव्याच्या सुमारास परततो. मुलगी कधी आमच्याबरोबर असते, कधी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. शाळेचे स्नेहसंमेलन जानेवारीत होत असल्यामुळे तिने नाच बसवला तरी तो पाहायला आम्ही नसू, आणि बरोबर आली तर तिचा नाचच राहून जाई. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे असेच होते. संमेलनाच्या फोटोंत ती मुले कधीच दिसत नसत.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मी त्या सभेत हा विषय मांडला. शेती असलेल्या पालकांनी सांगितले की, दिवाळीआधी सोयाबीनच्या राशी चालू असतात, त्यांना दिवसा येता येणार नाही. त्यांचे म्हणणेही खरे होते. शेवटी पहिल्या सत्राच्या अखेरीस, संध्याकाळी, रोज दोन तास असा आठवडा ठरला. एका दिवशी खेळ, एका दिवशी वाचन आणि गोष्टी, शेवटच्या संध्याकाळी नाच-गाणी. ट्रॅक्टरची ट्रॉली हे व्यासपीठ होते. परतीच्या पावसाने एक संध्याकाळ बुडाली, तेव्हा सगळे उचलून मारुतीच्या सभामंडपात नेले. माझ्या मुलीने त्या वर्षी पहिल्यांदा आमच्यासमोर गाणे म्हटले, आणि तिची आई पुढच्या रांगेत होती.

आता तारीख ठरवण्यापूर्वी मुख्याध्यापक गावातल्या मुकादमांना पहिली गाडी कधी निघणार हे विचारून घेतात. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा मात्र अजून हिवाळ्यातच होतात. त्याही दिवाळीआधी घ्याव्यात, असा अर्ज समितीने केंद्रप्रमुखांकडे दिला असून त्यावर आम्हा कोयत्यावरच्या पालकांबरोबर शेती असलेल्या पालकांच्याही सह्या आहेत.