एपीटीटी ४८ सेकंद, टॉन्सिलचं ऑपरेशन अडलंय

घोडबंदरकर
भाचा, वय ४. ऑपरेशनआधीचा रिपोर्ट: प्लेटलेट २.६ लाख, रक्त गोठायच्या वेळेच्या दोन चाचण्या: पीटी १२.८ सेकंद (त्यावरून काढलेला आयएनआर १.०), एपीटीटी ४८ सेकंद (लॅबची वरची रेंज ३६). पांढऱ्या पेशी ९,८००, त्यात लिम्फोसाइट ५२ टक्के, समोर ठळक 'एच' (हाय, म्हणजे जास्त). रक्त ठाण्यात घरी येऊन घेतलं, तपासलं महापेच्या लॅबमध्ये. सर्जननी तारीख पुढे ढकलली. घाबरायचं नक्की कशाला?

निळं_झाकण
लिम्फोसाइटचं सोडा. तो 'एच' मोठ्या माणसांच्या रेंजवरून छापलाय. चार वर्षांच्या पोराच्या निम्म्या पांढऱ्या पेशी लिम्फोसाइट असतातच.

एपीटीटीसाठी आधी ट्यूबची चौकशी करा. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ०.३ मिली सायट्रेट असतं, त्यावर २.७ मिली रक्त खुणेपर्यंत यायलाच हवं. पोर रडतं, शीर निसटते, २ मिलीवर भागवलं जातं. मग जास्तीचं सायट्रेट गोठण्यासाठी चाचणीत घातलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं आणि वेळ खोटाच वाढतो. पीटीपेक्षा एपीटीटीला हा फटका आधी बसतो. लहान मुलांसाठी १.८ मिलीची ट्यूब मागा. जांभळी ट्यूब (तिच्यात गोठू न देणारं दुसरं रसायन असतं) निळीच्या आधी भरली तरी घोळ होऊ शकतो. शिवाय तपासणी ४ तासांत हवी. सकाळी ७ चा नमुना चार घरं फिरून, ठाणे-बेलापूर रोडने दुपारी पोचला तर आकड्याला अर्थ नाही. मुलाला थेट लॅबमध्येच न्या.

पॅथ_वाशी
बरोबर. पण दुसऱ्यांदाही वाढलेलाच आला तर मिक्सिंग स्टडी सांगा: निम्मा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) मुलाचा, निम्मा नॉर्मल. वेळ सुधारला तर फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन) कमी, नाही सुधारला तर इनहिबिटर, म्हणजे चाचणीतलं गोठणं अडवणारा घटक. मुलांत सर्दीतापानंतर लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नावाचा इनहिबिटर तात्पुरता सापडतो. नावाला दचकू नका, त्याने सहसा रक्तस्राव होत नाही.

पीटी नॉर्मल, म्हणून संशय फॅक्टर ८, ९, ११, १२ वर. १२ कमी असेल तर एपीटीटी १०० च्या वर जाऊनही रक्त वाहत नाही. ८ किंवा ९ कमी म्हणजे हिमोफिलिया, रक्त लवकर न थांबण्याचा आनुवंशिक आजार. सौम्य प्रकारात फॅक्टर ५ ते ४० टक्के असतो, आणि बरेचदा ऑपरेशन होईपर्यंत पत्ताच लागत नाही. उलगडा होईपर्यंत आयब्रुफेन नको, स्नायूत इंजेक्शन नको.

तुम्ही आईचे सख्खे भाऊ ना? हिमोफिलिया बहुधा आईकडून येतो. दात काढल्यावर, टाक्यांनंतर तुमचं रक्त थांबायला वेळ लागलेला का?

घोडबंदरकर
सख्खाच. पण ना दात काढलाय, ना कधी टाके पडले.

पॅथ_वाशी
मग तुमच्यावरून काहीच ठरत नाही. मिक्सिंगमध्ये सुधारला तर ८ आणि ९ थेट मोजून घ्या, सोबत व्हॉन विलेब्रांडही (गोठायला मदत करणारं आणखी एक प्रथिन).