बोटातून लाल उजेड आरपार येतो, मग आतलं हाड का दिसत नाही?

निशाचर:
मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवलं की अख्खं बोट लाल होतं, म्हणजे उजेड पलीकडे येतोय, पण हाडाची कडासुद्धा दिसत नाही. प्रकाश विखुरतो हे माहितीये. पण विखुरतो तोही ठरलेल्या नियमांनीच ना, मग बाहेर आलेला उजेड मोजून कॉम्प्युटरवर उलटं गणित का करता येऊ नये? एआय लावला तर?

रानवारा:
मुद्दा बरोबर आहे तुमचा, विखुरल्याने माहिती मरत नाही, नुसती ढवळली जाते. २००७ मध्ये वेलेकूप आणि मोस्क या संशोधकांनी लेझरच्या लाटेला आधीच योग्य तसा वेडावाकडा आकार देऊन अपारदर्शक थरापलीकडे प्रकाश एका बिंदूवर गोळा करून दाखवला, भारी प्रयोग आहे तो! पण तो थर हलत नव्हता. जिवंत शरीरात रक्त वाहतंय, काही मिलिसेकंदांत सगळा पॅटर्न बदलतो.

अर्धविराम:
खरी अडचण फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, हिशोबात आहे. टिश्यूमध्ये फोटॉन साधारण दर ०.१ मिमीला एकदा आपटतो, म्हणजे १ सेंमी सरळ पार व्हायची शक्यता १ भागिले १० चा ४४ वा घात. १ मिलिवॅटचा लाल लेझर सेकंदाला ३ वर १५ शून्यं इतके फोटॉन सोडतो, तरी विश्वाच्या वयाइतका वेळ चालू ठेवला तरी एकही सरळ यायचा नाही. म्हणून ओसीटी (प्रकाशाने आतल्या थरांचं चित्र काढायचं तंत्र) त्वचेत १-२ मिमीवर थांबतं. उरतात ते भटकून आलेले, त्यांच्यात माहिती आहे पण प्रत्येकाकडे चिमूटभर. समजा आतल्या एखाद्या बारीक गोष्टीने उजेडात हजारात एक फरक पडतो, तर तो शॉट नॉइजच्या (फोटॉन मोजताना आपोआप होणाऱ्या चढउताराच्या) बरोबरीला यायलाच दहा लाख फोटॉन मोजावे लागतात आणि दहापट ठळक हवा तर दहा कोटी. एआय इथे आधी पाहिलेल्या चित्रांवरून अंदाज भरतो, जे मोजलंच गेलं नाही ते तो कुठून आणणार? निदानासाठी असलं चित्र मला तरी धोक्याचं वाटतं.

निशाचर:
मग लेझरची पॉवर वाढवली तर?

अर्धविराम:
दहापट केली तर सरळ फोटॉनची पोच जेमतेम पाव मिलिमीटरने वाढते, आणि त्वचा भाजेल ते वेगळंच.

रानवारा:
फोटोअकूस्टिक तंत्र बघा. प्रकाश आत शोषला जातो तिथे अल्ट्रासाऊंड तयार होतो, तो टिश्यूत खूपच कमी विखुरतो, म्हणून काही सेंमी आतल्या रक्तवाहिन्यासुद्धा दिसतात.