शब्दचर्चा: ढाळ, चढ, घाट की खिंड?

सांधेवाला
ठाण्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात यंदा गणपतीत छोट्या रेल्वेचा देखावा मांडायचाय. एचओ मापाची गाडी, म्हणजे खऱ्याच्या १/८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. सगळी मांडणी चार-चार फुटांच्या सुट्या पाटांवर, म्हणजे लिफ्टमधून नेता येते आणि दसऱ्यापर्यंत गॅलरीत उभी करून ठेवता येते. विषय कर्जत ते खंडाळा. पाट्या मराठीत लिहायच्यात आणि दोन शब्दांवर गाडी अडलीय: ‘मॉड्यूल’, म्हणजे एकमेकांना जोडता येणारा असा सुटा पाट, आणि ‘ग्रेड’, म्हणजे रुळाच्या चढाचं माप. कोशात ‘घटक’ आणि ‘प्रवणता’ मिळालं. ‘प्रवणता’ वाचून मजल्यावरची पाचवीतली मुलगी म्हणाली, “काका, ही कुठली देवी?” बायको म्हणते, सरळ ‘घाट’ लिहा, नाहीतरी तुम्ही कसला तरी घाट घातलाच आहे.

घोडबंदरी
वहिनींचा विनोद चांगला, पण पाटीवर ‘घाट १:३७’ (सदतीस फुटांना एक फूट चढ) असं लिहू नका. घाट हे ठिकाण आहे, माप नव्हे. घाटात वळणं येतात, बोगदे येतात, माकडं येतात. ‘घाट लागला’ म्हणतो तेव्हा आपण एक अख्खा टापू सांगत असतो. मापाला साधा ‘चढ’ पुरेल की.

सांधेवाला
चढ एका बाजूने. पुण्याहून येणाऱ्याला तोच उतार. पाटी तर एकच.

रंधा
ऐरोलीत घरच्या घरी सुतारकाम करतो, म्हणून बोलतो. गवंड्याकडे याला शब्द आहे: ढाळ. न्हाणीच्या फरशीला ढाळ देतात, गच्चीला देतात, पन्हळीला देतात. चढ-उतार जमिनीत आधीपासून असतो, ढाळ माणूस मोजून देतो. त्यामुळे बाजूचा प्रश्नच मिटतो. ढाळ दोन्हीकडून ढाळच.

आणि मोजायची रीतही आहे. सांडपाण्याच्या पाइपाला ‘फुटाला पाव इंच’ ढाळ द्यायचा असं प्लंबर सांगतो. हिशेब करा, तो होतो १:४८, म्हणजे दोन टक्क्यांच्या किंचित वर. छोट्या रेल्वेवाले साधारण एवढाच चढ सोसवतो म्हणतात ना? म्हणजे तुमच्या इंजिनाला सोसणारा ढाळ आमच्या बाथरूमच्या पाइपात आहे! बोरघाटाचा १:३७ हवा असेल तर सुतारी भाषेत तीन फुटांना एक इंच. तंतोतंत नाही, १:३६ होतो, पण माझ्या करवतीला एवढा फरक कळत नाही.

सांधेवाला
ढाळ! आजी रोज म्हणायची, ‘मोरीला ढाळ नाही’, आणि मी कोशात प्रवणता शोधतोय.

नेरूळकरीण
ढाळ मान्य. पण रेल्वेतल्या माणसांच्या तोंडी मी तो कधी ऐकला नाही. वडील कर्जतला होते. ते ‘वन इन थर्टीसेवन’च म्हणायचे, आणि मराठीत सांगायची वेळ आली तर ‘सदतीसला एक’. लहानपणी मला वाटायचं सदतीसला एक म्हणजे गाडीची वेळ.

त्यांच्याकडून आलेले बाकीचे शब्द देते, पाट्यांना उपयोगी पडतील. मागून ढकलणारं इंजिन म्हणजे ‘बँकर’, त्याला कुणीही मराठी शब्द करू नये. ‘बँकर लागला’ म्हणजे मागे जोडला. गंमत बघा, ‘गाडी लागली’ म्हणजे फलाटावर आली, पुढे ‘घाट लागला’, आणि घाटात पोटात ढवळलं तर पुन्हा ‘गाडी लागली’. एवढी कामं एकटं ‘लागणे’ करतं. १९२८ पासून आलेल्या जुन्या विजेच्या इंजिनांना, डब्ल्यूसीजी-१ना, सगळे ‘खेकडा’ म्हणायचे. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करायचं म्हणे. देखाव्यात खेकडा ठेवणार असाल तर पाटीवर ‘खेकडा’च लिहा, मुलं तिथेच थांबतील.

घोडबंदरी
आता मॉड्यूलचं बघू. मॉड्युलर किचन घराघरात पोचलंय. तसंच ठेवायला काय हरकत?

रंधा
हरकत नाही, पण आपल्याकडे ‘खण’ आहे. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. वाडा खणांवर मोजायचे, दहा खणी घर म्हणायचे. कपाटाचाही खण. ठरलेल्या मापाचा, शेजारी तसाच दुसरा बसेल असा भाग. मॉड्यूल याहून वेगळं काय असतं?

सांधेवाला
खण सुंदर आहे, पण इथेच माझी खरी अडचण येते. ती शब्दांची आहे की सुतारकामाची, ते तुम्हीच सांगा.

मॉड्यूलची अट अशी की कुठलाही पाट कुठल्याही पाटाला जोडता आला पाहिजे. त्यासाठी दोन्ही तोंडांची उंची ठरलेली असते. अमेरिकेतल्या एनट्रॅक पद्धतीत रूळ जमिनीपासून ४० इंचांवर, फ्री-मोमध्ये ५० इंचांवर धरतात. आता त्या पाटावर चढ घातला की एक तोंड वर जातं. चार फुटांना १:३७ ने सव्वा इंचाहून थोडं जास्त, चार पाटांना पाच इंचांच्या वर. मग पाचव्या पाटाला पाच इंच उंच पाय लावायचे, सहाव्यालाही, सातव्यालाही, आणि अदलाबदल संपली. शिवाय रूळ तोंडाशी तिरके आले तर सांध्यावर कोन पडतो आणि डबे सुटतात. म्हणून मी प्रत्येक पाटाच्या दोन्ही टोकांना सहा-सहा इंच सपाट ठेवतोय. चढायला उरतात तीन फूट, म्हणजे पाटामागे एकच इंच. सपाट आणि चढ यांच्यामध्ये रुळाला उभा बाक द्यावा लागतो, त्यात आणखी थोडं जातं. घाटाऐवजी जिना दिसतोय.

घोडबंदरी
मग त्याला खण म्हणू नका! खण म्हणजे कुठेही बसणारा. ज्याचा शेजारी ठरलेला, तो ‘तुकडा’. चार तुकडे मिळून एक घाट, तो कायम त्याच क्रमाने जोडायचा. आतल्या सांध्यांना सपाट टोकांची गरजच नाही, तिथे ढाळ सलग जाऊ दे. सपाट फक्त पहिल्या तुकड्याचं खालचं तोंड आणि चौथ्याचं वरचं. अख्खा घाट मिळून एक मोठा खण.

नेरूळकरीण
आणि त्या तोंडांना नावंही तयार आहेत: पायथा आणि घाटमाथा.

सांधेवाला
हे आधी सुचलं असतं तर दोन पाट वाचले असते. पण वरचं तोंड पाच इंच वर राहतं, त्याचं काय? मी वाचतो त्या परदेशी नकाशांत ‘पास’ वर चढतो आणि पलीकडे उतरतो, त्यामुळे शेवटी उंची परत जुळते.

घोडबंदरी
कारण ती खिंड आहे, घाट नव्हे. सह्याद्रीचा घाट एकतर्फी. कोकणातून चढलात की देशावर पोचलात, पलीकडे तेवढं उतरायचं नसतं. म्हणून तर ‘घाटावर राहतो’ म्हणतात. खिंडीवर कुणी राहत नाही. खिंड दोन डोंगरांमधली खाच, ओलांडून पलीकडे जायची. तुम्हाला दोन्ही तोंडं एका उंचीवर हवीत तर खिंड बांधा. बोरघाट बांधताय तर लोणावळा उंचच राहणार.

रंधा
आणि आपला गायमुखचा घाट? एका बाजूने चढतो, दुसऱ्या बाजूने उतरतो. कात्रजचंही तेच.

घोडबंदरी
…बरोबर आहे. गायमुखला रोज अडकून हे विसरलो कसा! म्हणजे बोलीत घाट दोन्हींना चालतो, खिंड मात्र एकतर्फी चढाला चालत नाही. माझं विधान निम्मं मागे घेतो.

नेरूळकरीण
निम्मंच घ्या. बोरघाटापुरतं ते खरंच आहे. सांधेवाला, एक सुचवू? वरच्या तोंडापुढे रूळ नेऊच नका. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे निघायची. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नव्या मार्गाने टळलं. तुमचा घाटमाथा तेच स्टेशन करा. पुढचे पाट उंच करायला नकोत.

सांधेवाला
वा! चार तुकडे, वर रिव्हर्सिंग, खाली कर्जतचे साधे खण. फक्त मग वाफेचं इंजिन हवं, खेकडा चालणार नाही. दोघांच्या सालांचा मेळ बसत नाही.

नेरूळकरीण
अगदीच काठावर बसतो. पण मुलांसाठी खेकडा ठेवाच. इतिहासवाल्यांना मी वड्यांपाशी अडवून धरते.

रंधा
पाटी मी रंगवून देतो. मजकूर पक्का करा: ‘बोरघाट. ढाळ सदतीसला एक.’

सांधेवाला
पक्का. खाली बारीक अक्षरात ‘म्हणजे तीन फुटांना साधारण इंचभर’ हेही घाला. आमचा प्लंबर आरतीला येतो.