घरी मुद्रितशोधनासाठी मॉनिटर: २१.५, २४ की २७ इंची?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. मी घरी बसून मराठी पुस्तकांचे आणि स्मरणिकांचे मुद्रितशोधन करते. माझा १७ इंची, जुन्या चौकोनी घडणीचा मॉनिटर (१२८० × १०२४ बिंदूंचा) आता मंद पडला असून तो बदलणे भाग आहे. पाने पीडीएफ स्वरूपात येतात आणि दिवसाचा बराच वेळ ती वाचण्यात जातो. त्यामुळे घ आणि ध, भ आणि म, द्ध आणि द्व यांतील फरक, तसेच रफार आणि अनुस्वार डोळ्यांना ताण न देता दिसणे ही माझी मुख्य गरज आहे. खेळ किंवा चित्रपट यांच्यासाठी तो वापरला जाणार नाही. दुकानदारांनी एक २१.५ इंची आणि एक २७ इंची असे दोन मॉनिटर सुचवले असून दोन्ही १९२० × १०८० चे आहेत. संगणकाला व्हीजीए आणि एचडीएमआय या दोन्ही जोडण्या आहेत. खोलीची पश्चिमेची खिडकी माझ्या पाठीशी येते. चवथीच्या आधी खरेदी व्हावी, अशी इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (म्हापसा)

ताई, इंचांचा आकडा पडद्याचा कर्ण सांगतो, उंची सांगत नाही, आणि मुद्रितशोधन करणाऱ्याला उंची अधिक महत्त्वाची असते. आपल्या १७ इंची पडद्याची उंची सुमारे २७ सेंटिमीटर आहे. २१.५ इंची रुंद पडद्याची उंचीही जवळजवळ तेवढीच, किंबहुना किंचित कमी भरते; म्हणजे पैसे खर्च करून आपल्याला केवळ बाजूची जागा वाढवून मिळेल. २४ इंची पडदा मात्र सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद असतो. ए-४ कागद २९.७ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद असल्यामुळे, मूळ हस्तलिखित आणि जुळणी केलेले पान अशी दोन पाने जवळपास खऱ्या आकारात शेजारी-शेजारी ठेवता येतात. आपल्या कामाला याहून सोयीची मांडणी मला सुचत नाही.

आता २७ इंचीविषयी. १९२० × १०८० एवढेच बिंदू २७ इंचांवर पसरले, तर एका इंचात साधारण ८२ बिंदू येतात. २४ इंचीवर ते ९२ आणि आपल्या सध्याच्या पडद्यावर ९६ आहेत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय अशी दाटी असते. बिंदू विरळ झाले की अक्षर मोठे दिसते खरे, परंतु नेमकी हीच चिन्हे पुसट होतात. म्हणून २७ इंची घ्यायचाच असेल, तर तो २५६० × १४४० चा असावा. त्यात इंचाला सुमारे १०९ बिंदू मिळतात.

पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडद्याचा भाग, आयपीएस प्रकारचे घ्यावे; टीएन आणि व्हीए हे त्याचे इतर प्रकार. टीएन पॅनेलमध्ये मान थोडी वर-खाली झाली तरी रंग बदलतो. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग अधिक गडद असतो, पण तो लाभ चित्रपट पाहणाऱ्याचा आहे; पांढऱ्या पानावरील मजकुराला त्याचा फारसा उपयोग नाही. खिडकी पाठीशी असल्यामुळे पडदा मॅट (न चकाकणारा) असणे अत्यावश्यक आहे, आणि शक्य असल्यास मेज असे फिरवावे की खिडकी बाजूला येईल.

उत्तर (मडगाव)

वरील विवेचन मला मान्य आहे, मात्र निष्कर्षाबाबत थोडा मतभेद आहे. जी व्यक्ती रोज कित्येक तास अक्षरेच वाचते, तिने २७ इंची २५६० × १४४० हाच पहिला पर्याय मानावा. किंमत वाढते, हे खरे. परंतु मॉनिटर अनेक वर्षे टिकतो आणि डोळे बदलून मिळत नाहीत. खरेदीपूर्वी संगणकाचे ग्राफिक्स एचडीएमआयवरून एवढे बिंदू देऊ शकते का, याची खात्री मात्र करून घ्यावी.

आणखी एक सूचना. दुकानात चलच्चित्रे दाखवतात, आणि ती कोणत्याही पडद्यावर सुंदर दिसतात. आपण स्वतःची दोन-तीन पाने पेन ड्राइव्हवर न्यावीत, ती १०० टक्के आकारात उघडून घ्यावीत आणि नेहमीच्या अंतरावर बसून वाचावीत. त्यानंतर प्रकाश कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडद्याकडे पाहावे. सरकणारे जाड पट्टे दिसले, तर तो मॉनिटर पडद्यामागचा दिवा वेगाने चालू-बंद करून प्रकाश कमी करत असण्याची शक्यता असते, आणि काहींच्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. उंचीचा हिशोब मला कोणीच सांगितला नव्हता. पडदा उभा फिरवता येणारा स्टँड घ्यावा का? आणि जुनी व्हीजीए केबल चालेल का?

उत्तर (म्हापसा)

स्टँड उंची बदलता येईल असा अवश्य घ्यावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आली की मानेवर ताण येत नाही. उभा फिरवण्याची सोय बहुधा त्याच स्टँडमध्ये मिळते, आणि लांब स्तंभ वाचताना ती उपयोगी पडते. मात्र विंडोजमधील क्लिअरटाइप ही अक्षरे रेखीव करणारी सोय आडव्या मांडणीतील तांबड्या, हिरव्या आणि निळ्या उपबिंदूंवर आधारलेली असल्यामुळे उभ्या पडद्यावर ती तितकीशी साधत नाही. बारीक तपासणी आडव्या पडद्यावरच करावी.

व्हीजीए केबल वापरू नये. तिच्यातून जाणारा संकेत ॲनालॉग असतो आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात. एचडीएमआयने जोडल्यावरही अक्षरे धूसर वाटली, तर मॉनिटर त्या जोडणीला दूरदर्शनचा संकेत समजून चित्र ताणत आहे का, हे पाहावे आणि ओव्हरस्कॅन ही ताणण्याची सोय बंद करावी. प्रकाश कारखान्यातून येतो तसा पूर्ण ठेवू नये. पांढरे पान शेजारच्या कागदाइतकेच उजळ दिसेल, इथपर्यंत तो उतरवावा.

उत्तर (डिचोली)

आपल्याकडील पावसाळ्याचा विचार करून एवढेच जोडतो. मॉनिटर ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटवून ठेवू नये, त्यावर प्लास्टिकचे आवरण घालू नये, आणि काम नसले तरी जून ते सप्टेंबर या काळात तो रोज थोडा वेळ चालू करावा, म्हणजे आतील उष्णतेने दमटपणा निघून जातो. विजेच्या चढउतारांसाठी यूपीएस ठेवावा. २४ इंची मॉनिटरला साधारण २० ते ३० वॅट लागतात, त्यामुळे संगणकाच्या यूपीएसवर त्याचा फारसा भार पडत नाही. परंतु यूपीएसवर विसंबून न राहता, विजा जवळ कडाडू लागण्यापूर्वीच प्लग भिंतीतून काढावा, आणि इंटरनेटची केबल तांब्याची असल्यास तीही सोडवावी.