क्यूआर कोड आणि वऱ्हांड्यातली रेंज

पाठ्यपुस्तकातले, फोनने स्कॅन केले की धड्याचे व्हिडिओ उघडणारे क्यूआर कोड नुसते शोभेचे, असं काहीजण म्हणतात. मला अर्धंच पटतं. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत डिसले गुरुजींनी ते वापरून दाखवले. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ उगाच नाही मिळालं.

मी शिकवतो त्या शाळेत मात्र रेंज वऱ्हांड्याच्या टोकालाच. म्हणून 'दीक्षा' या सरकारी शिक्षण अ‍ॅपवरचे व्हिडिओ मी घरूनच उतरवून आणतो. एका फोनभोवती सात डोकी, मागचा रडतोच!

खरा उपयोग झाला तो साध्या व्हॉइस रेकॉर्डरचा. चौथीतल्या एकीने स्वतःचं वाचन ऐकलं नि म्हणाली, "सर, मी 'शाळा'ला 'साळा' म्हणते?" मग तोच उतारा तिने आपणहून तीनदा वाचला. मी वर्षभर घसा कोरडा करत होतो. आणि याला नेटही लागत नाही.