मदत हवी आहे: सरकार पडलं की कधी नवा पंतप्रधान आणि कधी थेट निवडणूक, असं का?

पोरीला अकरावीच्या पॉलिटिकल सायन्सचा प्रोजेक्ट आहे, आघाडी सरकारं का पडतात यावर, आणि मीच अडकलोय. मार्च 1997 च्या शेवटी काँग्रेसने पाठिंबा काढला, एप्रिलमध्ये विश्वासमत हरून पंतप्रधान देवेगौडा गेले, पण दहा दिवसांत त्याच लोकसभेत गुजराल आले, निवडणूक नाही. मग नोव्हेंबरमध्ये जैन आयोगाच्या (राजीव गांधी हत्येच्या चौकशीचा आयोग) रिपोर्टवरून सरकारमधल्या द्रमुकच्या (तामिळनाडूचा पक्ष) मंत्र्यांना काढा म्हणून परत पाठिंबा काढला तर मात्र लोकसभाच बरखास्त. 1999 ला वाजपेयी 269 विरुद्ध 270, एका मताने गेले (आमचे बाबा अजून गमांगांचं नाव काढलं की चिडतात, ओडिशाचे मुख्यमंत्री असून खासदार म्हणून मत द्यायला आले म्हणून). सोनिया गांधींच्या काँग्रेस सरकारला पाठिंबा द्यायला समाजवादी पक्षाचे मुलायमसिंग अडले, पर्यायी सरकार काही जमलं नाही आणि सप्टेंबरात परत मतदान, आपली विधानसभापण तेव्हाच उरकली.

तर प्रश्न असा की यात राष्ट्रपतींच्या हातात नक्की किती असतं? पडलेल्या पंतप्रधानाने बरखास्तीची शिफारस केली तर ती मानावीच लागते का, की आधी दुसऱ्यांना विचारायचं? कोणी सोप्या मराठीत सांगेल का, शुक्रवारी सबमिट करायचंय.