गझिबोला मराठीत काय म्हणायचं?

आमच्या सोसायटीच्या बागेत कोपऱ्यात गझिबो उभा राहिलाय. सहा खांब, वर मंगलोरी कौलांचं टोकदार छप्पर, आत गोल बाक. फलक मराठीत हवेत असं सभेत ठरलं आणि शब्द शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सचिवांनी ‘निसर्गदर्शन मंडप’ सुचवलाय. निसर्ग म्हणजे समोरचं पार्किंग आणि बोअरवेलचा पंप. शिवाय रंगारी अक्षरामागे पैसे घेतो, तेव्हा आटोपशीर शब्द सुचवा. ‘छत्री’ चालेल?

शब्दवेडा:
छत्री नको हो! राजस्थानात महालांच्या माथ्यावर छत्र्या असतात हे खरं, पण आपल्याकडे छत्री म्हटलं की वानवडीची महादजी शिंद्यांची छत्री डोळ्यांपुढे येते. ज्येष्ठ नागरिकांना संध्याकाळी समाधीत नेऊन बसवणार का? मेघडंबरीही बाद. ती देवाच्या किंवा सिंहासनाच्या वर.

‘गझिबो’ हा शब्द मुळात थट्टेतून आला असावा. इंग्रजीत ‘गेझ’ म्हणजे टक लावून बघणं, त्याला लॅटिन शेपूट जोडलं. लॅटिनमध्ये ‘व्हिडेबो’ म्हणजे ‘मी पाहीन’, त्या चालीवर ‘गेझेबो’. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा शब्द छापील इंग्रजीत दिसतो. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही, मला मात्र आवडते. तीच गंमत मराठीत करायची तर ‘टकमकिका’ म्हणावं लागेल, पण रायगडावरच्या टकमक टोकाचा लौकिक पाहता तिथे कोणी पाठ टेकून बसणार नाही.

इटालियन ‘बेल्व्हेडेर’ सरळ आहे : बेल म्हणजे सुंदर, व्हेडेरे म्हणजे पाहणं. व्हिएन्नात सव्हॉयच्या राजपुत्र यूजीनने बांधलेले दोन महाल याच नावाचे. त्यातला वरचा १७२३ मध्ये पुरा झाला. तिथून खाली दिसणाऱ्या शहराचं बेलोटोने काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे. त्या दृश्याच्या आड येईल अशा उंच इमारतीवरून एवढं रामायण झालं की २०१७ मध्ये युनेस्कोने व्हिएन्नाचा जुना भाग धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकला. नावातच ‘सुंदर देखावा’ असलेल्या वास्तूचा देखावा गेला तर राहिलं काय?

कोल्हापूरकर:
अहो, व्हिएन्नापर्यंत कशाला जाताय, पन्हाळ्याला या की! आदिलशाही काळातली सज्जाकोठी बघा. तटाच्या कडेला आहे, वरच्या मजल्यावर घुमट आणि दरीवर बाहेर काढलेले सज्जे. संभाजीराजांना इथं ठेवलं होतं असं गडावर सांगतात. मी लहानपणी आजोबांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा धुकं होतं, काही म्हणजे काही दिसलं नाही. आजोबा म्हणाले, बस, उघडेल. वीसेक मिनिटांनी धुकं फाटलं आणि पायाखाली एकदम शेतांचे तुकडे दिसायला लागले. सज्जा या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. भिंतीतून पुढं आलेली, खाली आधार नसलेली जागा. तुमच्या गझिबोला जमिनीवर सहा खांब आहेत, त्याला सज्जा कसं म्हणणार?

साइटवाला:
सज्जा शब्दाची आता साइटवर काय दशा झालीय ते ऐका. खिडकीवर पाऊस अडवायला दोन फूट पुढे काढलेली काँक्रीटची फळी, तिला आम्ही ‘छज्जा’ म्हणतो. त्यावर कबुतरं आणि एसीचं युनिट बसतं, माणूस नाही. आणि जिथे माणूस बसतो तिला मुंबईत ‘गॅलरी’ म्हणतात. चाळीतली तर सामायिक. तिथून देखावा कसला, समोरच्या बिऱ्हाडाचं दूध उतू गेलेलं दिसतं.

गोंयकार:
आमच्याकडे बाल्कांव. पोर्तुगीज ‘बाल्कांव’ आणि इंग्रजी ‘बाल्कनी’ एकाच घरातले, पण गोव्यातलं बाल्कांव अधांतरी नसतं. पायऱ्या चढून दाराशी गेलं की दोन्ही बाजूंना बसायची बाकं, वर छप्पर, तोंड रस्त्याकडे. पाहायचं असतं ते माणसांना. पाववाला आला, पाद्री गेले, शेजारणीने कुठलं लुगडं घातलंय.

शब्दवेडा:
गोंयकार, मुद्दा पटला. झरोक्याचं तर याच्या उलट आहे. मुघल बादशहा झरोक्यात यायचा तो स्वतः दिसण्यासाठी. औरंगजेबाने पुढे ते दर्शन बंदच केलं. जयपूरच्या हवामहालात (१७९९, खिडक्या ९५३) राजस्त्रियांना मिरवणूक दिसायची, त्या मात्र कोणाला दिसायच्या नाहीत. म्हणजे शब्द निवडताना आधी ठरवा, कोण कोणाला बघतंय.

नुसता देखावाच बघायचा असेल तर संस्कृतात ‘चंद्रशाला’ आहे, घराच्या माथ्यावरची खोली. कलेचे अभ्यासक मात्र चैत्याच्या कमानदार खिडकीच्या नक्षीलाही हेच नाव देतात, हा घोटाळा आहे. क्योतोच्या कात्सुरा महालात चंद्र बघायला बांबूचा चौथरा आहे, त्याला जपानीत ‘त्सुकिमिदाइ’ म्हणतात, शब्दशः चंद्र पाहण्याचा चौथरा. तुम्हाला चंद्रशाला घ्यायला हरकत नाही. चारच अक्षरं.

साइटवाला:
चारपैकी एक जोडाक्षर आहे. रंगारी त्याचे दुप्पट लावेल.

(मूळ प्रश्नकर्ता)
सर्वांचे आभार. काल संध्याकाळी मुद्दाम तासभर बाकावर बसून आलो. छप्पर इतकं खाली उतरलंय की चंद्र दिसायला वाकून बाहेर यावं लागतं, त्यामुळे चंद्रशाला गेली. पण पंपाच्या बाजूला सरकून बसलं की दोन इमारतींच्या फटीतून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. अंधार पडल्यावर त्याचा लाल दिवा लागला. बाकीच्यांना अजून सांगितलेलं नाही, ती एकच जागा आहे.